सहा कप्प्यांची नाव

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. समुद्राकाठी गलबतं बांधणाऱ्या सुतारांच्या घरात जन्मायचं आणि पाण्याला भ्यायचं, ही आमच्या भावकीत थट्टेची गोष्ट होती. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहतोय, सुतार हवे आहेत, असं कळलं तेव्हा मी पहिला प्रश्न पगाराचा विचारला नाही. तिथून समुद्र किती लांब आहे, हे विचारलं. मध्ये अख्खा सह्याद्री आहे म्हटल्यावर मी ट्रंक भरली.

कारखान्यात मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी माझे कागद पाहिले. त्यावर बोटीवरच्या नोकरीची चार वर्षं लिहिलेली होती.

"आगबोटीवरची नोकरी का सोडली?" त्यांनी विचारलं.

"बुडायची भीती वाटते, साहेब."

ते मोठ्याने हसले आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. इथे बुडायला काही नाही, असंही म्हणाले. साहेब पुण्याहून रोज मोटारीने यायचे. पावसाळ्यातली इंद्रायणी त्यांनी पाहिलेली नसावी.

भीतीचं कारण सांगतो. अठरा वर्षांचा होतो तेव्हा काकाच्या गलबतावर होतो. कौलं भरून येत होतो. बंदराचं देऊळ दिसत होतं, इतके जवळ आलो होतो, आणि तळाची एक फळी सुटली. एकच फळी. गलबताच्या पोटात पुढपासून मागपर्यंत सगळं मोकळं असतं. आत आलेलं पाणी कुणाला विचारत नाही, सगळीकडे पसरतं. आम्ही उपसत होतो आणि पाणी चढत होतं. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात गलबत गेलं. आम्ही सातजण काठाला लागलो, काका लागला नाही. त्या दिवसापासून कुठल्याही नावेत बसलो की मला पायाखालची प्रत्येक फळी वेगवेगळी जाणवते. लोक गप्पा मारतात, मी फळ्या मोजतो.

तरीही पोटासाठी आगबोटीवर सुतार म्हणून गेलो. लढाई संपल्यावर आमची बोट दुरुस्तीसाठी हाँगकाँगच्या गोदीत सात-आठ महिने पडून राहिली. शेजारीच एक चिनी मालवाहू जहाज काठावर ओढून घेतलेलं होतं, शिडाचं. एका अंगाच्या फळ्या काढल्या होत्या, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणी तरी चुकून धान्याचं कोठार समुद्राकाठी आणून ठेवलंय.

त्याला खालचा कणाच नव्हता. आमच्याकडे गलबताला आधी लांबलचक कणा टाकतात, मग त्याला बरगड्या. या जहाजाचा तळ पाटासारखा सपाट होता. ओहोटीला चिखलात ते आडवं होत नसे, मांडी घालून बसावं तसं बसायचं. आणि बरगड्यांच्या जागी आडव्या भिंती! या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, तळापासून वरपर्यंत, जाड फळ्यांच्या भिंती. एकामागे एक अशा डझनभर असतील. आधी भिंती उभ्या करायच्या आणि मग बाहेरून फळ्यांचं अंग चढवायचं, अशी त्यांची रीत. फटीत जुन्या जाळ्यांचे धागे कुटून घालायचे, वर चुना आणि एका फळाचं तेल मळून केलेला लेप. तो इतका कडक होतो की माझी पटाशी त्याच्यावरून घसरली.

तिथे एक म्हातारा चिनी सुतार काम करायचा. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पण वाकस, रंधा, करवत या गोष्टींना भाषा लागत नाही. मी त्या भिंतींकडे बघत उभा राहिलो की तो हसायचा. एकदा त्याने बांबूचा तुकडा उभा चिरला आणि आतले पेराचे पडदे मला दाखवले. एका पेरात पाणी ओतलं, ते शेजारच्या पेरात गेलं नाही. मग त्याने बोट जहाजाकडे केलं.

मला कापरं भरलं, हे खरं सांगतो. आनंदाने भरलं. काकाच्या गलबताला अशा चार भिंती असत्या तर काका घरी येऊन जेवला असता. आमच्या बांधणीत सगळा भरवसा भोक पडू नये यावर. नारळ फोडा, पूजा करा, भोक पडू देऊ नकोस म्हणून दर्यादेवाला सांगा. चिन्यांनी मात्र भोक पडणारच हे धरूनच जहाज बांधलं. पडलं तर एका खोलीत पडेल, बाकीच्या खोल्या कोरड्या राहतील. शीडसुद्धा तसंच. त्यात आडव्या बांबूच्या काठ्या घातलेल्या, शीड उतरवलं की चिकाच्या पडद्यासारखं घडी होऊन खाली येतं. एका ठिकाणी फाटलं तरी काठ्यांच्या मधला तेवढाच तुकडा जातो, बाकी शीड वारा धरून राहतं. सुकाणूही उथळ पाण्यात वर ओढून घेता येतं. एखाद्या भित्र्या माणसानेच हे जहाज शोधून काढलं असणार, अशी माझी तेव्हापासून खात्री आहे. शूर माणसं भिंती घालत नाहीत.

पुढे एका मास्तरांनी मला पुस्तकातून वाचून दाखवलं की अशी चिनी जहाजं शेकडो वर्षांपूर्वी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावर मिरीसाठी यायची. त्यातल्या खोल्या व्यापारी भाड्याने घेत, दाराला आपलं कुलूप लावत, बायकापोरांसह प्रवास करत. म्हणजे आपल्या लोकांनी ती पाहिलीही होती. तरी आपण आपल्या वाटेने गेलो. आपली गलबतं चपळ होती, वाऱ्याला चांगली होती, याबद्दल वाद नाही. चपळ असतात तीच लवकर बुडतात, हे माझं मत.

आणखी एक गोष्ट त्या म्हाताऱ्याने दाखवली होती. प्रत्येक भिंतीच्या पायाशी अंगठ्याएवढं एक भोक आणि त्यात ठोकलेली लाकडी खुंटी. झिरपलेलं पाणी साचलं की काठाला लागल्यावर खुंट्या काढायच्या, पाणी एका जागी आणून उपसायचं आणि जहाज हलवायच्या आधी खुंट्या परत ठोकायच्या. तो खुंटी ठोकायची खूण पुन्हा पुन्हा करायचा. जहाजाकडे बोट, मग खुंटी, मग मान हलवणं. आधी खुंटी, मग पाणी.

कारखान्यापासून दोन-अडीच कोसांवर, इंद्रायणीच्या अलीकडच्या काठावरच्या एका गावात मला आणि बायकोला खोली मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही. समोर पलीकडे निघोजे, तिथून पायवाटेने चाकण. पावसाळ्यात नदीचा पायी जायचा उतार बंद झाला की चाकणच्या बाजाराला जाण्यासाठी नावेशिवाय गती नव्हती. नावाडी पन्नाशीचा, काळा, सडपातळ, बोलका. त्याच्या वाडवडिलांपासून नाव त्याच्याच घरात होती आणि सुगीला गाव त्याला धान्य द्यायचं. त्याची जुनी नाव सडली होती. मी आगबोटीवरचा सुतार असल्याचं पाटलांना कळलं आणि मी फसलो.

"मिस्त्री, गावाला नाव बांधून द्याची," पाटील म्हणाले.

मला नको म्हणायचं होतं. पण पाटलांना नाही म्हणायची भीती नाव बांधायच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. मी हो म्हटलं. मात्र बांधीन तर चिनी पद्धतीने, हे मनाशी ठरवलं.

चैत्रापासून दर सुट्टीच्या दिवशी नदीकाठच्या आंब्याखाली काम चाललं. तळाला गावाने दिलेलं जांभूळ, अंगाला साग. भिंतींसाठी मी कारखान्यातून फळ्या आणल्या. परदेशातून यंत्रं ज्या पेट्यांतून आली होती, त्या पेट्यांच्या फळ्या भंगारात मिळाल्या. पाच भिंती, सहा कप्पे. लोक येऊन बसायचे आणि अक्कल शिकवायचे. त्या काळी हिंदी-चिनी भाई-भाईच्या घोषणा वर्तमानपत्रांतून गावापर्यंत पोचल्या होत्या. नावेचं नाव चिनी पडलं आणि माझं चिनी मिस्त्री.

"चिनी हाय म्हंजी बरणीवानी फुटायची," एक म्हातारा म्हणायचा.

"बैलं बांधायची हाईत का आत? येवढं गोठं कशाला?" दुसरा विचारायचा.

चिनी लोक जहाजाच्या तोंडावर दोन डोळे रंगवतात, हे मी बोलून गेलो. ते मात्र सगळ्यांना पटलं. म्हसोबाला डोळे असतात तर नावेला का नसावेत? नावाड्याच्या बायकोने स्वतः चुन्याने आणि काजळाने डोळे काढले. एक दुसऱ्यापेक्षा मोठा झाला.

भिंतींना खुंट्यांची भोकं मी ठेवली नाहीत. म्हाताऱ्याने शिकवलं होतं, मला आठवत होतं, तरी ठेवली नाहीत. भोक ठेवलं आणि कुणी खुंटी ठोकायला विसरलं तर? या विचाराने माझा हातच धजेना. मी पाचही भिंती बंद केल्या, डांबर फासलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मला शांत झोप लागली.

नाव पाण्यात उतरली आणि सुरेख तरली. पण नवं लाकूड थोडंफार झिरपतंच. जुन्या नावेत झिरपलेलं पाणी आपोआप मधल्या खोलगट जागी जमायचं. नावाडी वल्हं मारता मारता पायाशी ठेवलेल्या डब्याने ते उपसायचा, बाप-आज्यापासून तसंच चालत आलेलं. आता सहा कप्प्यांत सहा ठिकाणी पाणी. प्रत्येक कप्प्याची फळी उचला, वाका, उपसा. तो कुरकुरत नव्हता, पण त्याची कंबर धरायला लागली होती, हे मला दिसत होतं.

श्रावणात एके दिवशी तो माझ्याकडे गिरमिट मागायला आला. मी दिलं. कशाला, ते विचारलं नाही. तीन दिवसांनी मला एका दाराच्या कडीसाठी गिरमिट लागलं, म्हणून मी घाटावर जाऊन परत मागितलं. तिथे आम्ही दोघंच होतो. त्याने गिरमिट दिलं, वर पळसाच्या पानात बांधलेले चार मासेही दिले, आणि हसत म्हणाला, "मिस्त्री, तुमची नाव लई झ्याक, पर येक खोट राहिली व्हती. म्या काढली बगा."

त्याने फळी उचलून दाखवलं. भिंतींच्या पायाशी गोल भोकं होती.

"आता समदं पानी मागं माज्या पायाम्होरं जमतंय. चार भिताडं झाली. येकच राहिलंय, शेवटचं, तवर तुमी गिरमिट न्यायला आलासा."

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. ही भोकं म्हणजे आपण नावेच्या भिंतीच काढून टाकल्या, बुजवा ती आधी, एवढंच. मी बोललो नाही. का, ते मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं. तो इतका खूश होता. वयाने मोठा, हातात मासे. आणि खरं कारण हे की मी बोललो असतो तर गोष्ट पाटलांपर्यंत गेली असती. नाव धोक्याची म्हणून बंद केली असती, आणि उपसायची सोय नसलेली नाव बांधणारा कोण, हेही कोणी तरी विचारलं असतं. परगावचा माणूस मी, खोलीही पाटलांच्या भावाची.

"बरं केलंत," मी म्हणालो आणि मासे घेऊन घरी आलो.

त्या रात्रीपासून झोप उडाली. मी बाभळीच्या चार खुंट्या तासल्या आणि खिशात ठेवल्या. रविवारी नावाडी जेवायला गेला की गुपचूप जाऊन ठोकायच्या, असं ठरवलं. कोणाला काही सांगायला नको, कोणाशी वाईटपणा नको. रविवारला पाच दिवस होते. नदीला पाणी चढत होतं आणि मी रोज कामावर जाताना मनात एकच म्हणत होतो, रविवारपर्यंत सांभाळ.

शनिवारी पहिली पाळी करून साडेतीनला घरी आलो तर दाराला कडी. शेजारीण बाहेर आली.

"खेडवरनं सांगावा आला. वैनीच्या भनीला लई ताप भरलाय. चाकणवरनं येष्टी धरते म्हनली. आत्ताच गेली नावंला."

खेडला, म्हणजे आता राजगुरुनगर म्हणतात तिथे, माझी मेहुणी दिलेली होती. माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. ती नदीला कधी भ्याली नाही. मी बांधलेल्या नावेत बसायला कसली भीती, असं ती मैत्रिणींना सांगायची, हे मला ठाऊक होतं.

मी सायकल टाकली आणि धावलो. घाटावर पोचलो तेव्हा नाव काठापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली होती. मावळात रात्रभर पाऊस झाला होता, पाणी गढूळ आणि फुगलेलं. नावेत बारा-तेरा माणसं, एक शेळी. बायको पुढच्या बाजूला गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली मला ओळखू आली. हिरवं पातळ होतं.

"थांबा! परत फिरवा!" मी ओरडलो.

नावाड्याने हात वर केला. त्याला वाटलं असेल, मलाही यायचंय. पुढच्या खेपेला, असा इशारा करून तो वल्हं मारत राहिला. तिनेही वळून पाहिलं आणि हात हलवला.

मी काय करावं? ओरडायचं तर काय ओरडायचं? बुडेल म्हणून सांगितलं तर लोक उभे राहतील आणि मग नाव उलटेलच. मी काठावरून अंतर मोजत राहिलो. अर्धी नदी झाली. अर्ध्याच्या पुढे गेली. आता काही होत नाही, असं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात नाव जागच्या जागी थबकली. पाण्याखाली वाहून आलेलं एखादं झाड अडकलेलं होतं, ते कुणालाच दिसलं नव्हतं. आवाज माझ्यापर्यंत थोडा उशिराने आला, लाकूड फुटल्याचा.

भिंती धड असत्या तर पुढचा कप्पा भरला असता, नावेने नाक जरा खाली घातलं असतं आणि ती रडतखडत पलीकडे गेली असती. त्यासाठीच तर बांधली होती. पण पाणी भोकातून दुसऱ्या कप्प्यात गेलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. ते मला काठावरून दिसत नव्हतं, तरी मला सगळं दिसत होतं. नाक खाली, आणखी खाली. चुन्याचे दोन्ही डोळे पाण्यात गेले. बायका किंचाळल्या. हिरवं पातळ दिसेनासं झालं.

मला पोहता येतं. समुद्रात पोहत लहानाचा मोठा झालो. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. माझे पाय पुढे गेले नाहीत. देवाचं नाव घेत होतो की काकाचं, ते आठवत नाही.

नावाड्याने पाण्यात उडी घेतलेली दिसली. तो ओरडत होता, "मागं! समदी मागं!" एकेका माणसाला तो मागच्या टोकाकडे ढकलत होता. मागचं टोक बुडत नव्हतं. शेवटच्या भिंतीला भोक नव्हतं, त्यामुळे तो एक कप्पा कोरडा राहिला होता आणि सगळी माणसं त्याला मुंग्यांसारखी चिकटली होती. ती भिंत वाचली ती माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मला दाराच्या कडीसाठी गिरमिट हवं होतं, म्हणून वाचली. नाव गोल फिरत खाली वाहत गेली आणि वळणावर निघोज्याच्या बाजूला उथळ पाण्यात रुतली. रानातून माणसं धावत आली. ती एकेकाला ओढून काढताना दिसत होती, पण किती निघाले ते मला मोजता येईना. मळक्या पाण्यात सगळी पातळं एकाच रंगाची दिसत होती.

पलीकडे जायला एकच वाट होती, नाशिक रस्त्यावरचा पूल. घरी धावत येऊन सायकल उचलली आणि निघालो. तो सगळा वेळ मी विधुर होतो. चाक चिखलात रुतत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे तिला उचलून आणत होते, काकाला आणलं होतं तसं दाराच्या फळीवर. घरी काय कळवायचं, तिच्या आईला कोण सांगणार, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं. आणि त्यातही एक नीच विचार येत होता, तो लिहायलाच हवा. भोकं मला ठाऊक होती, हे कुणाला कळेल का?

निघोज्याच्या देवळापुढे गर्दी होती. ती ओट्यावर बसली होती, कुणाचं तरी लुगडं गुंडाळून, केस ओले, हातात गुळाच्या चहाची वाटी. धडधाकट होती. मी जवळ जाऊन बसलो. तिने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आत पोर लाथा मारत होतं. मी सगळ्यांदेखत रडलो.

सगळी माणसं वाचली होती. शेळी गेली होती. आणि लोक नावाड्याला घेरून उभे होते. चिनी नाव, चिनी अवलक्षण, असं कुणी म्हणत होतं. तेव्हा नावाडीच म्हणाला, "नावंला बोल लावू नका. भिताडाला भोकं म्या पाडली. पानी उपसाया सोपं जावं म्हनून."

"मिस्त्रीला ठावं व्हतं का?" पाटलांच्या भावाने विचारलं. तोही नावेत होता, नखशिखांत भिजलेला.

सगळे माझ्याकडे वळले. माझी बायकोही. तिने आमच्या बोलीत हळूच विचारलं, "तुमका आधी ठावक होता?"

माझ्या खिशात चार खुंट्या होत्या. हात खिशातच होता.

"नाय," मी म्हणालो.

नावाडी दोन हातांवरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, नदीचं की त्याचं, कोण जाणे. घाटावर तो आणि मी दोघंच होतो त्या दिवशी, मासे त्याने दिले होते, बरं केलंत हे मी म्हटलं होतं. आता तो तोंड उघडेल या भीतीने मी खुंट्या मुठीत आवळल्या.

"त्यास्नी कसं ठावं असंल?" तो म्हणाला. "म्या सांगितलंच न्हाई. दार बसवाचंय म्हनून गिरमिट मागितलं व्हतं."

त्याची नाव गावाने काढून घेतली आणि सुगीला त्याला धान्य दिलं नाही. पिढ्यान् पिढ्या घरात असलेलं काम एका दिवसात गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तो मला आमच्याच कारखान्याच्या आवारात दिसला, बांधकामावर, डोक्यावर विटांची पाटी घेऊन. मी रोज त्याला टाळून दुसऱ्या फाटकाने जायचो. महिनाभर टाळलं. मग एकदा नळावर गाठ पडली.

"तुम्ही खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्याने ओंजळीने पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"वैनीनं इचारलं व्हतं तुमास्नी," तो म्हणाला. "पाटलाच्या भावानंच निस्तं इचारलं असतं, तर सांगितलं असतं म्या. पर तिला तुमच्यासंगं जलम काढाचा. माजं काय, मला नावंसंगं काढाचा व्हता." मग त्याने विचारलं, "पोरगं का पोरगी?"

"मुलगी."

"ब्येस," तो म्हणाला आणि पाटी उचलून गेला.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन तिला सगळं सांगणार होतो. वाटेभर वाक्यं जुळवली. ती मुलीला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. तिने वर पाहून विचारलं, आज चेहरा असा का? मी म्हणालो, उन्हाचा. पुढे चाळीस वर्षं संसार केला. ती लोकांना सांगायची, आमच्या ह्यांनी बांधलेल्या नावेने मला वाचवलं. मी शेजारी बसून ऐकायचो.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. म्हणून आज लिहितो आहे.